रांग नसलेला बाक

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, असं आमच्या घरात सगळे म्हणतात. खरंच आहे ते. सुनंदासाठी — म्हणजे माझ्या बायकोसाठी — वाढदिवसाला घेतलेली साडीसुद्धा मला कधी लपवून ठेवता आली नाही. जिन्यातच सांगून मोकळा होतो. इंदिरानगरमधल्या आमच्या सोसायटीत कुणाकडे काय चाललंय हे जाणून घ्यायचं असेल, तर लोक माझ्याकडे येतात. असा मी माणूस. आणि तरी एक गोष्ट या तोंडातून कधी बाहेर पडली नाही. सुनंदाजवळ नाही, मुलीजवळ नाही, रोज संध्याकाळी ज्यांच्याबरोबर फिरायला जातो त्या मित्रांजवळही नाही. का नाही पडली? सांगतो — पण जरा वळसा घेऊ द्या. सरळ सांगायला गेलो की मी अडखळतो, आणि मग काहीतरी विनोद करून विषय बदलतो. खोडच आहे ती माझी.

गंगापूर रोडच्या बाजूला एका ट्रस्टचं डोळ्यांचं हॉस्पिटल होतं. नाव घेत नाही, कारण यात हॉस्पिटलचा काही दोष नाही. नव्वदच्या दशकात, बी.कॉम. झाल्यावर, मी तिथे चिकटलो आणि बघता बघता ओपीडीचा इनचार्ज झालो. म्हणजे काय, तर सकाळी दार उघडल्यापासून शेवटचा पेशंट बाहेर पडेपर्यंत कुठल्या खिडकीवर कोण बसेल ते ठरवायचं. डॉक्टर डोळे बघायचे, मी रांगा बघायचो. मला ते काम मनापासून आवडायचं, हे आधीच सांगून टाकतो.

आणि रांगा तरी किती! केसपेपरची वेगळी, नजर तपासायची वेगळी, डोळ्यांत थेंब घालून घ्यायची वेगळी, औषधांची वेगळी. येवल्याहून पहाटेच्या एसटीने पैठणी विणणारे कारागीर यायचे. धागा दिसेनासा झाला की तो माणूस घाबरूनच येतो. शहरातले पेन्शनर यायचे. आणि पेठ-सुरगाण्याच्या डोंगरातून आमच्या शिबिराच्या जीपने आणलेली म्हातारी माणसं असायची. गंमत अशी की एका खिडकीपुढे ढकलाढकली चाललेली असायची आणि शेजारच्या खिडकीतला माणूस माशा मारत बसलेला. त्याला म्हणावं, अरे, जरा इकडे हात लाव — तर तो म्हणायचा, मला ते येत नाही. येत नव्हतंच त्याला. कुणी शिकवलंच नव्हतं.

माझं मूळ घर मखमलाबादकडचं, मळ्यातलं. आमची फुलं — झेंडू, शेवंती, थोडा गुलाब. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्या घरात कुणालाच ठरलेलं काम नसायचं. तोडणी मागे पडली की हार ओवणारे उठून तोडायला. टेम्पो आला की तोडणारे भरायला. बाजारात गिऱ्हाईक वाढलं की सगळेच विकायला. ज्याला सगळं येतं, त्याला अडलं असेल तिथे सोडायचं. तीच युक्ती मी हॉस्पिटलात आणली. चार चांगली माणसं निवडली आणि त्यांना सगळ्या खिडक्यांची कामं शिकवली. त्यांना आम्ही ‘फिरते’ म्हणायचो. हॉलच्या कोपऱ्यात माझी काचेची केबिन होती. तिथून सगळं दिसायचं. मोठ्या डॉक्टर मॅडमना आरडाओरडा चालत नसे, म्हणून मी स्कूटरच्या किल्लीने काचेवर टकटक करायचो. फिरत्या माणसाने माझ्याकडे बघायचं, मी बोट दाखवायचं, त्याने त्या खिडकीवर जायचं. नियम एकच होता — रांग वाढली की तिकडे फिरता.

आणि चाललं हो ते! फार छान चाललं. सोमवारी पोर्चपर्यंत जाणारी रांग हॉलमध्येच मावायला लागली. विश्वस्तांनी बैठकीत माझं नाव घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं की आपण काहीतरी नवीन केलंय — मळ्यातल्या पोराने. छाती फुगली होती माझी, खोटं कशाला बोलू?

खोटं कशाला बोलू, असं मी आत्ता म्हणालो. जाऊ द्या. पुढे ऐका.

त्या फिरत्या माणसांमध्ये यमुनाबाई होती. पेठच्या पलीकडच्या पाड्यावरची, कोकणा आदिवासी समाजातली. आईच्या डोळ्यांसाठी हॉस्पिटलात आली, आणि आई बरी होऊन परत गेल्यावर आया म्हणून इथेच राहिली. वयाने माझ्यापेक्षा मोठी, पण मला ‘साहेब’ म्हणायची. मीही तिला यमुनाबाईच म्हणायचो, अरेतुरे कधी केलं नाही. हाताला अशी हुशार की थेंब घालायला शिकली, पट्टी बांधायला शिकली, औषधांच्या खोक्यांवरच्या रंगांवरून औषधं ओळखायला लागली. फक्त लिहिता येत नव्हतं. ते मी शिकवलं. दुपारच्या सुट्टीत डबा खाऊन झाला की पाठकोऱ्या कागदावर अक्षरं गिरवून घ्यायचो. मला त्या शिकवण्याचाही अभिमान होता, आजही आहे — आणि म्हणूनच पुढचं सांगायला जड जातंय.

पहिल्यांदा केसपेपरवर पेशंटचं नाव तिने स्वतः लिहिलं, तेव्हा तो कागद घेऊन ती केबिनमध्ये आली होती. कागद माझ्यापुढे धरला. मग म्हणाली, “साहेब, त्या खुर्चीत बसलं ना का माझं मलाच लय भारी वाटतं.” आम्ही दोघंही हसलो. हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं होतं.

पण तिचं खरं काम खिडकीवरचं नव्हतंच. मागच्या दाराजवळ, पॅसेजच्या टोकाला, एक लांब लाकडी बाक होता. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या, पट्टी काढलेल्या माणसांना घरी सोडण्याआधी तिथे बसवायचं. जीप निघेपर्यंत त्यांना सगळं समजावून सांगायचं. थेंब कधी घालायचे, डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही, चुलीच्या धुराजवळ बसायचं नाही, वाकून ओझं उचलायचं नाही. वाचायला सोपं वाटतं ना? पण डोंगरातल्या म्हातारीला आमची शहरी मराठी भराभर ऐकवली, तर ती प्रत्येक वाक्याला मान हलवते आणि तिच्या डोक्यात काहीही शिरत नाही. यमुनाबाई त्यांच्या बोलीत बोलायची. जवळ बसून, हात हातात घेऊन, घरी सून आहे का, पाणी कोण भरतं, रान किती लांब — असं सगळं विचारत विचारत सांगायची. मग त्यांच्याकडून वदवून घ्यायची. एकेका माणसाला तिला इतका वेळ लागायचा की केबिनमध्ये बसून माझा जीव वरखाली व्हायचा.

आणि शेवटी ती एक गोष्ट सांगायची, जी माझ्याच दुसऱ्या एका नियमाच्या बरोबर उलट होती.

झालं होतं असं — लोक तारीख सोडून केव्हाही यायचे. कुणाला डोळ्यांत खुपतंय, कुणाला नुसतीच काळजी. त्याने माझ्या रांगा बिघडायच्या. म्हणून मी दरवाजावरच्या माणसाला एक वाक्य पाठ करून घ्यायला लावलं होतं. जाणाऱ्या प्रत्येकाला तो ते मोठ्याने ऐकवायचा — दिलेल्या तारखेलाच यायचं, आधी आलात तर परत पाठवू. शहरातली माणसं त्याला कुठली दाद देतात? ती हवी तेव्हा यायची आणि वर भांडायची. डोंगरातली माणसं मात्र असं सांगणं पाळतात. त्यांच्या लेखी हॉस्पिटलातल्या माणसाने सांगितलं म्हणजे डॉक्टरनेच सांगितलं. यमुनाबाईला हे पक्कं ठाऊक होतं. म्हणून ती प्रत्येकाला बजावायची की डोळा दुखला, लाल झाला, तर तारीख बघायची नाय, त्याच दिवशी यायचं; दरवाजावर कोणी अडवलं तर माझं नाव सांगायचं. मला हे कळलं होतं. मी हसून सोडून दिलं होतं. बाकावर माझा नियम कोण मोडतंय, तर यमुनाबाई — म्हटलं, मोडू दे.

त्या बाकापुढे कधी रांग लागली नाही. कशी लागणार? तिथे माणसं बसायची. एक असो की सहा, केबिनमधून सारखंच दिसायचं. आणि ती कुरकुर करायची नाहीत. केसपेपरच्या खिडकीवर जरा उशीर झाला की ‘अहो मिस्टर’ सुरू व्हायचं, कुणी घड्याळ दाखवायचं, कुणी विश्वस्तांशी असलेली ओळख सांगायचं. बाकावरून कधी आवाज आला नाही. मग माझी नजर कुठे जाणार, सांगा? किल्ली वाजली की यमुनाबाईच उठायची, कारण चारही फिरत्यांमध्ये तीच एकटी कुठल्याही खिडकीवर न अडखळता काम करायची. मी दिवसातून कितीदा तिला त्या बाकावरून उठवलं असेल! ती जायची, काम उरकायची आणि परत बाकाकडे धावायची. बहुतेक वेळा जमून जायचं. बहुतेक वेळा.

एका सोमवारी धाकटे विश्वस्त पाहुणे घेऊन येणार होते. दुसऱ्या गावच्या एका हॉस्पिटलातली मंडळी — आमची, म्हणजे माझी, पद्धत बघायला. मी इस्त्रीचा शर्ट घातला होता. सुनंदाने सकाळी दारातून हसून हात केला होता, ते अजून आठवतं. आणि नेमका केसपेपरचा माणूस आला नाही. रांग वाढत वाढत पोर्चमध्ये गेली. फाटकातून पाहुण्यांची गाडी आत येताना मला दिसली, आणि मी काचेवर किल्ली वाजवली.

यमुनाबाई बाकावर होती. तिने वळून बघितलं आणि हात वर केला — थांबा.

मी पुन्हा वाजवली. तिने पुन्हा हात वर केला. मग मी स्वतः उठून पॅसेजमध्ये गेलो. तिच्याशेजारी एक म्हातारी बसली होती, बुधीबाई नावाची. लहानशी, सुकलेली. नव्या डोळ्यावर आम्ही दिलेला काळा चष्मा तिला इतका मोठा होत होता की तो सारखा नाकावर घसरायचा. थेंबांची बाटली तिने दोन्ही हातांत धरली होती. दुसऱ्या डोळ्याने तिला आधीपासूनच फक्त उजेड-अंधार कळायचा, म्हणजे जे काही दिसणार होतं ते या एकाच डोळ्याने. आदल्या दिवशी पट्टी काढल्यावर तिने स्वतःच्या हाताची बोटं बघितली होती आणि वॉर्डभर सगळ्यांना दाखवत फिरली होती.

यमुनाबाई म्हणाली, “साहेब, आजीला सांगायचं ऱ्हायलंय. सांगते आन् येतेच.”

पाहुणे दारात आले होते. मी चेहऱ्यावर हसू ठेवलं आणि हळू आवाजात म्हणालो, “आधी रांग. म्हातारी काय पळून जातेय?”

असं म्हणालो मी. म्हातारीच्या समोर.

यमुनाबाई उठली. जाताना तिने आजीच्या गुडघ्यावर हात ठेवून काहीतरी सांगितलं — बस, येते, असंच असणार. मग ती खिडकीत जाऊन बसली आणि तिने भराभर केसपेपर काढायला सुरुवात केली. पाहुण्यांच्या डोळ्यांदेखत रांग पोर्चमधून हॉलमध्ये आली, हॉलमधून खिडकीपर्यंत आली. धाकटे विश्वस्त माझ्या खांद्यावर हात ठेवून पाहुण्यांना सांगत होते, हा आमचा माणूस. मला किती छान वाटलं असेल, याची तुम्हाला कल्पना आहे का?

इकडे जीपवाल्याला अंधाराच्या आत घाट चढायचा होता. त्याने माणसं गोळा केली. वॉर्डातल्या कुणीतरी बुधीबाईच्या हातात तारखेचं कार्ड दिलं, दरवाजावरच्या माणसाने माझं वाक्य ऐकवलं, आणि जीप गेली. यमुनाबाई खिडकीतून सुटली ती तशीच फाटकापर्यंत पळाली. मी केबिनमधून बघत होतो. परत येऊन ती माझ्यासमोर उभी राहिली, धापा टाकत. जीप गेली, आजीला काय बी सांगितलं नाय, म्हणाली. मी म्हटलं, तारखेला येईलच की.

तारखेला आली ती. बरोबर तारखेला. सुनेने हाताला धरून आणली होती आणि डोळ्यावर लुगड्याची चिंधी बांधलेली होती. मॅडमनी चिंधी सोडली. मी दाराशीच होतो. डोळा आतून पार सडला होता. काही उरलं नव्हतं वाचवायला. सुनेने सांगितलं की घरी गेल्यावर लगेचच ठणकायला लागला, आजी रात्र-रात्र भिंतीला टेकून बसून राहायची. मॅडम जवळजवळ ओरडल्याच — मग आला का नाहीत?

त्यावर बुधीबाई बोलली. चुकूनही तक्रारीचा सूर नव्हता. उलट — कसं सांगू तुम्हाला — शाळेतल्या पोराने गृहपाठ पुरा करून आणावा, तसा तिचा चेहरा होता. “तारीख आज व्हती ना? आधी येऊ नका बोलले. नाय आले मी.”

आणि तिने मान इकडेतिकडे फिरवली. बरोबर केलंस असं कुणीतरी म्हणेल, याची वाट बघत होती ती. 

आता ते सांगतो, ज्यासाठी एवढा वळसा घेतला. कारण इथपर्यंत जे झालं तो हलगर्जीपणा होता, क्रूरपणा होता, काय म्हणाल ते होतं — पण त्याला निदान घाई होती. पुढचं मी सावकाश, खुर्चीत बसून केलं.

मॅडमनी दुसऱ्या दिवशी आम्हाला त्यांच्या केबिनमध्ये बोलावलं. मॅडम, मी आणि यमुनाबाई — तिघंच. मॅडमनी विचारलं, त्या दिवशी बाकावर कोण होतं? यमुनाबाईने लगेच सांगितलं की मी होते, पण साहेबांनी खिडकीवर बोलावलं म्हणून उठले, आणि तोवर जीप गेली. जसं घडलं तसंच. माझ्याकडे बघून सांगितलं, म्हणजे मी लगेच ‘हो’ म्हणेन आणि पुढचं बोलणं सुरू होईल, असं.

मॅडमनी माझ्याकडे बघितलं.

मी म्हणालो, “नाही मॅडम. बाकावरच्या माणसाला मी कधी हलवत नाही.”

एवढ्यावर थांबलो असतो तरी ते खोटं पुरेसं होतं. पण मी थांबलो नाही. मॅडम विचारात पडलेल्या दिसल्या, आणि मला भीती वाटली की त्या दरवाजावरच्या माणसाला विचारतील, इतर फिरत्यांना विचारतील. म्हणून मी आणखी एक वाक्य घातलं. म्हणालो, “ती आपणहून उठून गेली असेल. खिडकीतल्या खुर्चीत बसायला आवडतं तिला. मला स्वतःच म्हणाली होती एकदा.”

तेच वाक्य. पहिला केसपेपर हातात घेऊन, हसत, मला विश्वासाने सांगितलेलं. ते मी तिच्याच समोर मॅडमना नेऊन दिलं. आणि त्यामुळे सगळं खरं वाटलं, कारण तिला स्वतःच्या अक्षराचं किती कौतुक होतं, ते मॅडमनीही बघितलं होतं.

मला वाटलं होतं, ती आता भांडेल. ओरडेल. किल्ली कशी वाजवली, मी पॅसेजमध्ये कसा आलो, काय बोललो — सगळं बाहेर काढेल. मी तयारीत होतो. मी तिला खोटी पाडली असती, हेही सांगतो. पण ती माझ्याकडे बघत राहिली. रागाने नाही. माझी काहीतरी गफलत होते आहे आणि मला आता आठवेल, अशी.  मग तिने मान खाली घातली आणि म्हणाली, “साहेब म्हणत्यात तर आसंल.”

कशासाठी बोललो मी खोटं? नोकरी जाणार नव्हती माझी. मॅडम रागावल्या असत्या, फार तर फिरत्यांची पद्धत थोडे दिवस बंद पडली असती. बस, एवढंच. माझ्या त्या पद्धतीला डाग लागू नये, पाहुण्यांना दाखवलेली माझी रांग खोटी ठरू नये, म्हणून मी एका बाईला खोटी ठरवलं. याहून मोठं कारण असतं तर मी तुम्हाला सांगितलं असतं. नाही.

यमुनाबाईला बाकावरून काढलं, खिडकीवरूनही काढलं. मागच्या अंगणात धुण्याच्या जागी पाठवलं — वॉर्डातल्या चादरी, पट्ट्या, ऑपरेशनचे कपडे. ज्या हाताने नावं लिहायला शिकली त्या हाताची कातडी सोड्याच्या पाण्याने फुटायला लागली. मी स्कूटर लावायला रोज तिथूनच जायचो. ती मान वर करून विचारायची, “जेवले का, साहेब?” मी ‘हो’ म्हणून पुढे जायचो. रोज वाटायचं, आज मॅडमकडे जाऊन सांगावं. मॅडम रोज हॉस्पिटलात असायच्या. त्यांचं दार उघडं असायचं. मी कधी गेलो नाही.

आणि एके दिवशी यमुनाबाई यायची बंद झाली. तिने काही सांगितलं नाही, कुणी विचारलंही नाही. बुधीबाईबद्दल जीपवाल्याने एकदाच सांगितलं, की तिला नात काठीला धरून नेते. मी विषय बदलला. काय विनोद केला होता तेही आठवतंय, पण तो इथे लिहवत नाही.

माझं मात्र छान चाललं. पद्धत टिकली, वाढली. मी प्रशासन अधिकारी झालो. बाकावर बसून समजावायला दुसरं कुणी नेमायचं राहूनच गेलं; कधी वॉर्डातली सिस्टर घाईत सांगायची, मग चित्रांचा एक कागद छापून घेतला आणि तो हातात द्यायला लागलो. काम भरभर व्हायला लागलं. फार भरभर.

सगळ्यांच्या हातात मोबाईल आले होते, त्या सुमाराची गोष्ट. सुनंदाला मुलीच्या लग्नासाठी पैठणी बघायची होती, म्हणून आम्ही येवल्याला निघालो होतो. सीबीएसच्या एसटी स्टँडवर उभे होतो. पलीकडे पेठच्या गाडीसाठी लोक थांबले होते आणि त्यांत यमुनाबाई होती. केस पांढरे, पाठीत थोडी वाकलेली. मी तोंड फिरवायच्या आत तिने मला बघितलं आणि लगबगीने आली. “साहेब!” म्हणाली. चेहरा नुसता उजळला होता तिचा. सुनंदाने विचारलं, कोण? मी म्हणालो, पूर्वी हॉस्पिटलात होत्या. त्यावर यमुनाबाई सुनंदाचा हात धरून म्हणाली, “वहिनी, साहेबांनी मला लिवाय शिकवलं. आमच्या पाड्यावर माझ्या वयाच्या बायांत मी एकटीच सही करते.”

सुनंदाला ते इतकं आवडलं! आजही पाहुणे आले की ती ही गोष्ट सांगते — यांनी हॉस्पिटलातल्या एका आयाला लिहायला शिकवलं, अजून विसरली नाही ती बाई. लोक माझ्याकडे कौतुकाने बघतात. आणि मी, ज्याच्या तोंडात तीळ भिजत नाही, चहाचा कप तोंडाला लावतो.

सुनंदा केळी घ्यायला गाड्याकडे गेली, तेव्हा आम्ही दोघंच उरलो. मला वाटलं, आता विचारेल. इतक्या वर्षांनी विचारेल, का केलंत म्हणून.  यमुनाबाईने पदर सारखा केला, पेठच्या गाडीकडे एकदा बघितलं आणि विचारलं, “साहेब, बाकावर आता कोण बसतं?”

मी म्हणालो, “आहे एक मुलगी. तुमच्याच पेठकडची. तुमच्यासारखंच हात धरून सगळं सांगते.”

“दुखलं तर तारीख बघायची नाय, ते सांगते ना?”

“सांगते.”

“मग बरं झालं,” ती म्हणाली, आणि तिची गाडी लागली म्हणून गेली. खिडकीतून हातसुद्धा केला तिने.

बाकावर कुणी बसत नव्हतं. बाकच राहिला नव्हता. केसपेपरच्या आणखी एका खिडकीसाठी जागा करायची म्हणून तो मीच उचलून टाकायला लावला होता.